वाचकांचे प्रश्न : वायूतला ओलावा आणि मीटरवरचा आकडा

नायट्रोजन, अर्गॉन, हायड्रोजन किंवा कॉम्प्रेसरची हवा यांत उरलेल्या अगदी थोड्या बाष्पाविषयी या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आले. बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे : मीटरचा आकडा पटत नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत पीपीएम म्हटले आहे ते घनफळानुसार, म्हणजे वायूच्या दहा लाख भागांत बाष्पाचे किती भाग असे समजावे. वजनानुसार आकडा असेल तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न : सिलिंडर-बँकेतून (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांच्या संचातून) नायट्रोजन घेतो. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर ओलावा ३ पीपीएमच्या आत असतो. आमच्या मीटरवर मात्र साधारण ३८ दिसतो. पहाटे २०-२२, दुपारी दोन-अडीचला ४५ च्या वर. मीटरपर्यंत ८ मिमीची निळी पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) नळी आहे, बारा मीटर, पत्र्याच्या शेडखालून नेलेली. पुरवठादार फसवतो आहे का? — एक वाचक, जळगाव एमआयडीसी

पुरवठादाराला फोन लावण्याआधी ती निळी नळी काढा. बँकेतला वायू पहाटे एक आणि दुपारी दुसरा असा बदलत नाही. बदलते ते नळीचे तापमान. पाण्याचे रेणू प्रत्येक पृष्ठभागाला चिकटून बसतात. नळी तापली की ते सुटून वायूत येतात, गार झाली की पुन्हा चिकटतात. मे महिन्यात पत्र्याखालची नळी दुपारी किती तापते हे जळगावकरांना सांगायला नको. आकडा उन्हाबरोबर वर-खाली होत असेल, तर तो बहुतांशी नळीतल्या पाण्याचा आकडा आहे.

दुसरी गोष्ट अनेकांना पटत नाही : नळीत ७ बार दाब असला तरी बाहेरचे पाणी आत येते. पाण्याला नायट्रोजनच्या दाबाशी घेणेदेणे नसते. बाहेरच्या आणि आतल्या बाष्पाच्या दाबात किती फरक आहे, तेवढेच त्याला कळते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या हवेत बाष्पाचा दाब सुमारे ३४ मिलिबार, म्हणजे ३४,००० पीपीएम. मे महिन्यातली ४३ अंशांची आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा आपल्याला खडखडीत वाटते, पण तीतही सुमारे १३,००० पीपीएम पाणी असते. आत ३ पीपीएम, बाहेर १३,०००. पीयू, नायलॉन, रबर आणि सिलिकॉन यांच्या भिंतीतून हे पाणी सतत झिरपत राहते. साबणाच्या पाण्याने बुडबुडा आला नाही म्हणजे जोड पक्का, हा नियमही इथे पुरत नाही. बुडबुडा न काढणाऱ्या बारीक फटीतूनही वायू बाहेर जात असताना पाणी उलटे आत शिरते.

नळीचे पाणी की वायूचे, हे ठरवण्याची एक बिनखर्चाची चाचणी आहे. मीटरमधून जाणारा प्रवाह चौपट करा, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर असेल तर दोन लिटर, आणि तासभर थांबा. पाणी वायूतच असेल तर आकडा जवळपास तोच राहील. पाणी नळीतून येत असेल तर तेवढेच पाणी चौपट वायूत वाटले जाईल आणि आकडा पडेल. तुमच्या बाबतीत वायूत खरोखर ३ आणि नळीचे ३५ असतील, तर चौपट प्रवाहावर ३५ चे सुमारे ९ होऊन एकूण १२ च्या आसपास दिसायला हवेत. एक अट आहे : ही चाचणी ज्या मीटरचा आकडा प्रवाहावर अवलंबून नाही त्यावरच करावी. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या सेलच्या मीटरवर ती फसते. कारण पुढे येईल.

आता दुरुस्ती. ६ मिमी किंवा पाव इंची ३१६ स्टेनलेसची नळी घ्या आणि मीटर शक्य तितका सिलिंडरजवळ न्या. बारा मीटरऐवजी दोन मीटर नळी करणे हा महागड्या मीटरपेक्षा मोठा फायदा आहे. ५ पीपीएमच्या खाली मोजायचे असेल तर आतून इलेक्ट्रोपॉलिश केलेली नळी घ्यावी. ५०-१०० पीपीएमच्या कामाला टेफ्लॉन चालून जाते. जोड दुहेरी फेरूलचे, म्हणजे नळीवर आवळल्या जाणाऱ्या दोन कड्यांचे, असावेत. आट्यांवर टेप गुंडाळलेले जोड जितके कमी तितके बरे. रेग्युलेटरचा पडदा रबरी नको, स्टेनलेसचा हवा. फिल्टर सिंटर्ड स्टीलचा. आणि टी लावून अडकवलेला प्रेशर गेज काढून टाका : त्या आंधळ्या कोपऱ्यातून वायू वाहत नाही, पण पाणी मात्र दिवसेंदिवस थेंबाथेंबाने बाहेर पडत राहते.

मीटरनंतरचे टोकही उघडे सोडू नये. प्रवाह कमी असला की बाहेरची हवा मागून आत सरकते. पुढे दीड-दोन मीटरची बारीक नळी वेटोळे करून लावली की हे थांबते.

सिलिंडर बदलल्यावर नुसता वायू सोडून ठेवण्यापेक्षा दाब भरा-सोडा पद्धत वापरा. रेग्युलेटरपर्यंत ७ बार भरा, झडप बंद करा, वातावरणाच्या दाबापर्यंत सोडा. गेजवरचे ७ बार म्हणजे वातावरणाचा १ धरून एकूण ८, म्हणून प्रत्येक फेरीत आत अडकलेली हवा आठपट पातळ होते. पाच फेऱ्यांत सुमारे ३२,००० पट. म्हणजे १३,००० पीपीएमची हवा कागदावर अर्ध्या पीपीएमच्या खाली जाते. भिंतीला चिकटलेले पाणी मात्र फेऱ्यांनी निघत नाही, त्याला वेळ लागतो किंवा उष्णता. नायट्रोजन वाहता ठेवून स्टेनलेसची नळी हॉट एअर गनने शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत फिरवत तापवली तर रात्रभराचे काम तासा-दोन तासांत होते. सेन्सरपासून हात-दीड हात अंतर सोडा आणि पीयू नळीवर हा प्रयोग करू नका.

एवढे करून आकडा २०-३० वरच राहिला तर पुरवठादाराशी बोला. पण सिलिंडर किती रिकामा होता तेही पाहा. दाब उतरत जातो तसे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे पाणी उरलेल्या थोड्या वायूत येते. ओलावा महत्त्वाचा असेल तिथे शेवटचे १०-१५ बार वापरू नयेत.

प्रश्न : ड्रायरवरचा पक्का मीटर दवबिंदू उणे ४० दाखवतो. तपासणीला आलेल्या माणसाच्या हातातल्या मीटरने त्याच लाइनवर उणे ५७ दाखवले. खरे कोणते? — एक वाचक, अवधान, धुळे

दोन्ही खरे असण्याची शक्यता जास्त. ड्रायरवरचा सेन्सर ७ बारच्या लाइनमध्ये बसलेला आहे. हातातल्या मीटरने तीच हवा दाब सोडून, वातावरणाच्या दाबावर मोजली. दाब आठवर एक झाला की बाष्पाचा दाबही आठवा हिस्सा होतो आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या बाष्पाचे दव किंवा बर्फ धरू लागतो ते, खाली जातो. उणे ४० ला बर्फावरच्या बाष्पाचा दाब १२.८ पास्कल असतो. त्याला आठने भागले की १.६ पास्कल, आणि तेवढा दाब उणे ५७ ला असतो. हिशेब जुळला.

म्हणून दवबिंदू लिहिताना शेजारी दाब लिहिला नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. रेफ्रिजरेटेड ड्रायरचा ७ बारवरचा अधिक ३ अंश वातावरणात सोडल्यावर उणे २१ च्या आसपास होतो. तो आकडा दाखवून ‘आमची हवा उणे वीसची’ असे सांगून माल खपवणारेही आहेत. कॉम्प्रेसरच्या हवेच्या शुद्धतेचे मानक आयएसओ ८५७३-१, त्याचे वर्ग लाइनच्या दाबावरच्या दवबिंदूने ठरतात : वर्ग १ ला उणे ७०, वर्ग २ ला उणे ४०, वर्ग ३ ला उणे २०, वर्ग ४ ला अधिक ३.

वातावरणाच्या दाबावर लक्षात ठेवण्यासारखे काही आकडे : उणे २० म्हणजे सुमारे १,०२० पीपीएम, उणे ४० म्हणजे १२७, उणे ६० म्हणजे जवळपास ११, उणे ७६ म्हणजे १ आणि उणे ९० म्हणजे ०.१. उणे ४० वरून उणे ६० वर जाणे म्हणजे पाणी निम्मे होणे नव्हे, बाराव्या हिश्श्यावर येणे आहे. ‘फक्त पाच-सात अंशांचा फरक’ असे कुणी म्हणाले की आधी पीपीएममध्ये बदलून पाहावे.

प्रश्न : हीटलेस ड्रायर, १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट हवा). डिसेंबरात उणे ४० देतो, मे महिन्यात उणे २२ च्या खाली जात नाही. मागच्याच वर्षी दाणे बदलले. पुन्हा बदलायचे का? — एक वाचक, भुसावळ

पाणी शोषणाऱ्या अॅल्युमिनाच्या त्या दाण्यांवर हात टाकण्याआधी ड्रायरच्या तोंडाशी हवेचे तापमान मोजा. बहुतेक ड्रायरची क्षमता आत येणारी हवा ३५ अंश धरून लिहिलेली असते. बाहेर ४५ अंश असताना हवेवर चालणारा आफ्टरकूलर (कॉम्प्रेसरची तापलेली हवा गार करणारा) हवा ५० च्या खाली आणू शकत नाही. ३५ अंशांच्या ओल्याचिंब हवेतून ७ बारवर १०० सीएफएमला तासाला सुमारे ०.९ लिटर पाणी बाष्परूपाने येते. ५० अंशांच्या हवेतून १.९ लिटर. ड्रायर तोच, दाणे तेच, पाणी दुपटीहून जास्त. वर तापलेला अॅल्युमिना पाणी कमी धरतो.

आफ्टरकूलरचे पंखे आणि पत्ती आधी साफ करा. त्यात कापसाची किंवा भुशाची धूळ बसली असेल तर तेवढ्यानेच पाच-सहा अंश उतरतात. आफ्टरकूलर पाण्यावर नेता आला तर उत्तम. खान्देशात मेची हवा कोरडी असल्याने घरचा कूलर जसा छान चालतो तसाच कूलिंग टॉवरही चालतो. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ओल्या थर्मामीटरचे तापमान २२ च्या आसपास असते. टॉवरचे पाणी २६-२७ अंशांचे मिळते आणि हवा ३५ पर्यंत आणणे अवघड राहत नाही. अडचण पाण्याची. बोअरचे जड पाणी वापरले तर वर्षात नळ्यांत क्षार धरतो आणि फायदा तिथेच संपतो.

मग हवा बाहेर सोडण्याच्या तोंडावरचा सायलेन्सर. हीटलेस ड्रायरमधले सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत स्वस्त कारण हेच. ड्रायरमधल्या दाण्यांच्या दोन टॉवरपैकी एक हवा सुकवतो, तेवढ्या वेळात दुसऱ्यातून सुक्या हवेचा सुमारे १५ टक्के भाग वातावरणाच्या दाबावर सोडून दाणे वाळवले जातात. दाब आठवर एक झाला की हे १५ टक्के फुगून येणाऱ्या हवेच्या १२० टक्के घनफळाचे होतात, म्हणून दाणे वाळतात. दाण्यांच्या भुकटीने सायलेन्सर बुजला आणि त्या टॉवरवर अर्धा बार दाब राहिला, तर तेच १५ टक्के ८० वर अडकतात. आत येणारे पाणी बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त झाले, की कितीही नवे दाणे घाला, दोन-चार दिवसांत तेच रडगाणे. वाळणाऱ्या टॉवरचा गेज शून्यावर येतो का ते पाहा. ०.२ बारच्या वर असेल तर सायलेन्सर काढून फक्त तपासणीपुरता चालवून बघा, कानाला संरक्षण लावून आणि त्या तोंडासमोर कुणाला उभे न करता.

त्यानंतर ड्रायरआधीच्या फिल्टरचा ऑटो ड्रेन. तो चिकटून बसला की वाफ नव्हे, पाणीच टॉवरमध्ये जाते. तेलही जात असेल तर दाणे पिवळे-तपकिरी होतात. तसे दिसले तरच दाणे बदलायचे, पण आधी तेल थांबवून.

तुमची गरज फक्त इन्स्ट्रुमेंट एअरची, म्हणजे झडपा आणि उपकरणे चालवणाऱ्या हवेची, असेल तर उणे २२ ने काहीच बिघडत नाही. त्या हवेच्या आयएसए ७.०.०१ या मानकाप्रमाणे लाइनच्या दाबावरचा दवबिंदू, ती लाइन ज्या किमान तापमानाला जाते त्याहून १० अंशांनी खाली असला आणि अधिक ४ च्या वर नसला की पुरते. भुसावळच्या थंडीत पारा ७ वर गेला तरी उणे ३ पुरे. उणे ४० चा हट्ट धरून १५ टक्के हवा वर्षभर फुंकायची का, हा हिशेब वीजबिलासमोर ठेवून करावा.

प्रश्न : पावसाळ्यात अॅल्युमिनियमच्या टिग वेल्डमध्ये पिनहोल येतात. अर्गॉन ओला आहे का? — एक वाचक, चाळीसगाव

बहुधा नाही. वेल्डिंगच्या वायूंचे मानक आयएसओ १४१७५, त्यात अर्गॉनला ४० पीपीएमची, म्हणजे उणे ५० दवबिंदूची मर्यादा आहे. कार्बन डायऑक्साइडला १२० पीपीएमची. पुरवठादाराचा अर्गॉन बहुधा यापेक्षा बराच कोरडा असतो. ओला होतो तो रबरी होजमध्ये, रात्रभर बंद राहून. आठ मिमीच्या दहा मीटर होजमध्ये अर्धा लिटरच वायू मावतो, तो दोन सेकंदांत निघून जातो. पण रबराच्या अंगातले पाणी निघायला काही मिनिटे लागतात. सकाळी पहिला आर्क पेटवण्याआधी मिनिटाला १५ लिटरने तीन-चार मिनिटे वायू सोडा. सकाळच्या पहिल्या तुकड्यातच पिनहोल असतील आणि नंतर नसतील तर होजच गुन्हेगार. दिवसभर असतील तर वॉटर-कूल टॉर्च आतून पाझरतो आहे का पाहा, मग फिलर वायर आणि पत्र्यावरचा ऑक्साइड. अॅल्युमिनियमवरचा हा थर स्वतःच ओलावा धरतो, त्याला अर्गॉनच्या प्रमाणपत्राने काही होत नाही. डोक्यावर पंखा चालू असेल तर बाकी सगळी चौकशी नंतर.

कार्बन डायऑक्साइडच्या रेग्युलेटरवर साचणारा पांढरा बर्फ पाहून वायू ओला आहे असे समजू नये. तो बर्फ बाहेरच्या हवेतल्या पाण्याचा असतो.

प्रश्न : सबस्टेशनच्या ब्रेकरमधल्या एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायूच्या अहवालात एकदा २२ आणि पुढच्या वर्षी १८० असा ओलावा आला. दोन्हीकडे ‘पीपीएम’ लिहिले आहे. ब्रेकर उघडायचा का? — एक वाचक, दोंडाईचा

आधी दोन्ही एजन्सींना विचारा : वजनानुसार की घनफळानुसार? एसएफ-६ चा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा आठपट जड आहे, १४६ विरुद्ध १८. त्यामुळे वजनानुसार १ पीपीएम म्हणजे घनफळानुसार ८.१. तुमचे २२ वजनाचे असतील तर ते घनफळाचे १७८ झाले. म्हणजे वर्षभरात काहीच बदललेले नाही. नव्या वायूसाठी वापरली जाणारी वजनाची २५ पीपीएमची मर्यादा घनफळात सुमारे २०० होते, वातावरणाच्या दाबावर दवबिंदू उणे ३६ आणि ६ बार निरपेक्ष (वातावरणाचा दाब धरून मोजलेल्या) दाबावर उणे १८. एकाच पाण्याचे हे चार आकडे. अहवालात चारही आले तर वाद होत नाहीत. चालू ब्रेकरची मर्यादा मात्र त्या बनावटीच्या पुस्तिकेतूनच घ्यावी.

(बाकी वायूंसाठी : वजनाचा १ पीपीएम नायट्रोजनमध्ये घनफळाचा १.५६, ऑक्सिजनमध्ये १.७८, अर्गॉनमध्ये २.२ आणि हायड्रोजनमध्ये फक्त ०.११.)

मोजणी सकाळी लवकर करा आणि टाकीचे तापमान लिहून ठेवा. आतल्या इपॉक्सीच्या आणि प्लास्टिकच्या भागांत मुरलेले पाणी दुपारी वायूत येते, म्हणून ४४ अंशांच्या दुपारचा आकडा सकाळपेक्षा वर जातो. वायू भरल्यावर लगेच मोजण्यात अर्थ नाही, एक दिवस जाऊ द्यावा. नमुन्याचा वायू हवेत सोडू नका. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढ करण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २३,००० पटींहून अधिक आहे. परत टाकीत ढकलणारा मीटर किंवा साठवण पिशवी वापरा. आर्क होऊन गेलेल्या वायूत सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतात. ते मीटरच्या सेन्सरला खातात आणि माणसाच्या फुप्फुसालाही.

प्रश्न : पाच-सहा प्रकारचे मीटर बाजारात आहेत. नायट्रोजन आणि हायड्रोजन दोन्हीसाठी एकच घ्यायचा तर कोणता? — दोन वाचक, वरणगाव आणि भुसावळ

कॉम्प्रेसर रूम आणि ड्रायरसाठी पॉलिमर कपॅसिटिव्ह सेन्सर पुरे. स्वस्त, दणकट, पण उणे ६० च्या खाली त्यावर फार विश्वास टाकू नये.

अॅल्युमिनियम ऑक्साइडचा सेन्सर उणे १०० पर्यंतचा आकडा दाखवतो आणि लाइनच्या दाबावर थेट बसतो. त्याचा दोष सरकण्याचा : सच्छिद्र थर म्हातारा होत जातो आणि आकडा हळूहळू चुकत जातो, पाहणाऱ्याला ते कळतही नाही. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन लागतेच. अमोनिया, क्लोरीन, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ यांत तो टिकत नाही. हा सेन्सर बाष्पाचा दाब मोजतो. पीपीएम हवे असेल तर मीटरला लाइनचा दाब सांगावा लागतो. तिथे चुकून १ बार भरलेला राहिला आणि लाइन ८ बार निरपेक्ष दाबावर असली तर आकडा आठपट फुगतो. ‘अचानक ओलावा वाढला’ अशा तक्रारीत हे सेटिंग आधी पाहावे.

फॉस्फरस पेंटॉक्साइडचा सेल वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्याचा थर वायूतले सगळे पाणी शोषून घेतो आणि विजेने त्याचे विघटन करतो. किती वीज लागली त्यावरून पाणी कळते, फॅरडेच्या नियमाने. मिनिटाला १०० मिलि प्रवाहात १ पीपीएम पाण्याला सुमारे १३ मायक्रोअँपिअर. म्हणून हा सेल पाण्याचे रेणू मोजतो, प्रमाण नव्हे. प्रवाह १० टक्के चुकला की आकडा १० टक्के चुकला, आणि चौपट प्रवाहाची वरची चाचणी यावर चालत नाही ती याचमुळे. नायट्रोजनसाठी आखलेल्या रोटामीटरवर (प्रवाह दाखवणाऱ्या नळीवर) हायड्रोजन सोडला तर तरंगता गोळा खोटे सांगतो. त्या वायूचा रोटामीटर घ्या. अमोनिया, अल्कोहोल आणि थरावर चिकट साय धरणारे असंतृप्त हायड्रोकार्बन यांना हा सेल चालत नाही. महिनोन्‌महिने अतिकोरड्या वायूत ठेवला तर तो सुस्तावतो.

हायड्रोजनमध्ये त्याची आणखी एक खोड आहे. विघटनातून निघालेला ऑक्सिजन धातूच्या तारेवर भोवतीच्या हायड्रोजनशी पुन्हा जुळतो, पाणी होते, ते पुन्हा मोजले जाते. आकडा फुगतो. प्लॅटिनमच्या तारेवर हे जास्त, रोडियमवर कमी. उपाय सोपा आहे. १०० मिलिवर वाचन घ्या, मग मीटरची आखणी न बदलता ५० मिलिवर घ्या आणि फरकाची दुप्पट करा. समजा, १०० वर ९ आणि ५० वर ६ आले. फरक ३, दुप्पट ६. खरे पाणी ६ पीपीएम, वरचे ३ जुळणीचे.

आरशाचा मीटर, म्हणजे आरसा गार करत नेऊन त्यावर पहिले दव कधी धरते ते पाहणारा, हा इतरांना तपासणारा मीटर आहे. शून्य ते उणे ४० च्या पट्ट्यात आरशावर दव आहे की बर्फ, हे पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये. उणे २० चे दव म्हणजे बर्फाचे उणे १८. उणे ७० च्या खाली थर धरायला तास जातात आणि घाई करणारा चुकीचा आकडा घेऊन जातो. वायूच आरशावर गोठणार नाही हेही पाहावे : वातावरणाच्या दाबावर कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ ला आणि एसएफ-६ उणे ६४ ला गोठतो. लेसरचे मीटर पीपीएमच्या हजाराव्या भागापर्यंत जातात, वायूला स्पर्श न करता. किंमत ऐकून बहुतेकांचा प्रश्न मिटतो.

तेव्हा दोघांनाही एकच सांगणे : ड्रायर आणि नायट्रोजनच्या लाइनवर अॅल्युमिनियम ऑक्साइड. जनित्र थंड ठेवणाऱ्या हायड्रोजनवरही तोच, पण स्वतंत्र नग, हायड्रोजनच्या गटासाठी प्रमाणित आणि विजेची ठिणगी पडू न देणाऱ्या सेफ्टी बॅरियरसह. नमुन्याचा हायड्रोजन छपराबाहेर सोडायचा. एकच मीटर दोन्ही लाइनला फिरवत बसलात तर प्रत्येक वेळी जोडणी उघडेल, हवा आत जाईल आणि सकाळचा वेळ लाइन सुकवण्यात जाईल.

प्रश्न : कॅलिब्रेशन घरच्या घरी करता येते का? — एक वाचक, शिरपूर

कॅलिब्रेशन नाही, पडताळणी येते. मिठाच्या द्रावणाची बरणी इथे कामाची नाही. त्यातले नेहमी वापरले जाणारे सगळ्यांत कोरडे, लिथियम क्लोराइडचे, २५ अंशांना ११ टक्के आर्द्रता देते, म्हणजे दवबिंदू उणे ६ च्या आसपास. आपल्याला मोजायचे असते त्याच्या शेकडोपट जास्त पाणी. त्याऐवजी एक चांगला नायट्रोजन सिलिंडर आणि मीटरभर लांबीची स्टेनलेस नळी फक्त पडताळणीसाठी बाजूला ठेवा, दर महिन्याला त्याच प्रवाहावर, सकाळच्याच वेळी आकडा घेऊन वहीत लिहा. सिलिंडरचा दाबही लिहा. आकडा एका दिशेने सरकू लागला की सेन्सर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवायची वेळ झाली. पाठवताना त्यांना तुमचा पट्टा सांगा. उणे २० ते अधिक १० वर तपासलेल्या प्रमाणपत्राचा उणे ७० ला उपयोग नाही आणि ते प्रमाणपत्रही सुरेखच दिसते.

प्रश्न : रुग्णालयातील पीएसए ऑक्सिजनचा ओलावा काचेच्या डिटेक्टर ट्यूबने पाहतो. मर्यादा किती आणि ट्यूब भरवशाची आहे का? — एक वाचक, नंदुरबार

युरोपीय औषधसंहितेत मर्यादा ६७ पीपीएम आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबावर दवबिंदू साधारण उणे ४५. ट्यूब हो-नाही सांगायला ठीक, आकड्यासाठी नाही. मुदत संपलेली ट्यूब वापरू नका आणि उन्हात तापलेल्या गाडीत खोका ठेवू नका. ट्यूब थेट दाबाच्या लाइनला लावायची नसते : टी लावून ऑक्सिजन मोकळा वाहू द्या आणि त्या वाहत्या वायूतून पंपाने ओढा. प्लास्टिकच्या पिशवीत नमुना भरून नेला तर पिशवीचेच पाणी मोजाल. जोडांना तेल किंवा ग्रीस अजिबात नको, टेपही ऑक्सिजनसाठीचा.

ट्यूबपेक्षा जास्त लक्ष झिओलाइटच्या टॉवरआधीच्या ड्रायरवर ठेवा. पीएसए यंत्रात हे झिओलाइटचे दाणेच हवेतला नायट्रोजन धरून ऑक्सिजन वेगळा करतात. झिओलाइट नायट्रोजनपेक्षा पाण्याला घट्ट धरतो आणि एकदा ओला झाला की नायट्रोजन सोडून देतो. तिथला दवबिंदू चढायला लागला की ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन घसरायला थोडाच अवकाश असतो, आणि ओले झालेले झिओलाइट बहुधा बदलावेच लागते.